धुराड्यावरचा तारा आणि २०४०चा वादा

१४ सप्टेंबर २०२३ रोजी कोपनहेगनच्या बंदरात एका कंटेनर जहाजाचे बारसे झाले. जहाज २,१०० कंटेनरांचे, म्हणजे आजच्या हिशेबाने होडीच. २४ हजार कंटेनर वाहणारी जहाजे आता समुद्रात आहेत. तरीही या होडीला नाव द्यायला युरोपियन कमिशनच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन स्वतः आल्या होत्या. कारण हिरव्या मिथेनॉलवर चालू शकणारे हे जगातले पहिले कंटेनर जहाज होते. नाव ठेवले 'लॉरा मेर्स्क'.

हे नाव जुने आहे. १८८६ साली डेन्मार्कच्या पीटर मेर्स्क मोलर नावाच्या कप्तानाने वाफेवर चालणारे आपले पहिले जहाज घेतले, त्याचे नाव 'लॉरा' होते. त्याच्या काळ्या धुराड्यावर त्याने निळा पट्टा ओढून घेतला आणि त्यावर सात टोकांचा पांढरा तारा काढला. बायको अ‍ॅना आजारी असताना तो एका रात्री देवाची करुणा भाकत होता. माझी प्रार्थना तुझ्यापर्यंत पोहोचते आहे याची एखादी खूण दाखव, असे त्याने मागितले आणि ढगाळ आभाळात त्याला एक तारा दिसला. अ‍ॅना बरी झाली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने तिला लिहिलेल्या पत्रात धुराड्यावरच्या ताऱ्याचे हे कारण सांगितले आहे. आज न्हावा शेवाच्या रस्त्यावर जाणाऱ्या हजारो कंटेनरांवर जो सात टोकांचा तारा दिसतो, तो हाच.

मला ही गोष्ट आवडते. दुआ कबूल झाली आणि ती विसरू नये म्हणून माणसाने शुक्रगुजारीची खूण काढली. काढली मात्र धूर सोडणाऱ्या नळकांड्यावर, आणि पुढच्या सगळ्या कथेचा पेच तिथेच आहे.

उर्दू शिकवताना मुलांना मी दोन शब्दांतला फरक नेहमी सांगतो. वादा एकट्याने करता येतो. मुआहिद्याला दोन बाजू लागतात, अटी लागतात, आणि मोडला तर काय, हे आधीच लिहिलेले असते. वादा मोडणाऱ्याला अल्लाहसमोर उत्तर द्यायचे असते. मुआहिदा मोडणाऱ्याला इथेच, या दुनियेत जाब विचारता येतो. कंटेनर कंपन्यांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत पर्यावरणाबद्दल जे जे जाहीर केले, त्याचा इतिहास वाचताना हा फरक सतत डोक्यात येत राहतो.

पहिल्या 'लॉरा'च्या काळात जहाजे कोळशावर चालत. तो कोळसा भट्टीत ढकलणारी माणसे कोण होती, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर साधारण अशी वाटणी असे: डेकवर कोकण आणि गुजरातचे खलाशी, इंजिनखान्यात बहुतेक पंजाबी आणि पठाण, भंडारखान्यात गोव्याचे ख्रिस्ती. सारंग, तांडेल, आगवाला, कोयलावाला, तेलवाला ही त्यांची पदे. गोरे अधिकारी या सगळ्यांना मिळून लास्कर म्हणत. त्यांची जहाजी हिंदुस्तानी साहेबांना समजावी म्हणून थॉमस रोबक नावाच्या अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यात तिचा शब्दकोश छापला होता. उर्दूच्या जन्माची चर्चा निघाली की छावणीचा आणि बाजाराचा उल्लेख सगळे करतात, जहाजाच्या डेकचा फारसा कुणी करत नाही. असो.

कोळसा गेला आणि तेल आले. जहाजांत जे तेल जाळतात त्याला बंकर म्हणतात. पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून घेतल्यावर रिफायनरीच्या तळाशी जो गाळ उरतो, तो हा. थंडीत तो डांबरासारखा घट्ट होतो. इंजिनात सोडण्याआधी त्याला गरम करावे लागते. गाडीत कुणी घालणार नाही असे हे इंधन जहाजांनी अनेक दशके जाळले, कारण ते स्वस्त होते आणि भर समुद्रात धूर मोजायला कुणी नव्हते.

मग कंटेनर आला. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनकडे 'आयडियल एक्स' नावाचे जहाज अ‍ॅल्युमिनियमच्या ५८ पेट्या घेऊन निघाले. या कल्पनेचा मालक माल्कम मॅक्लीन हा ट्रकवाला होता, दर्यावर्दी नव्हे. सुटा माल जहाजात चढवायला तेव्हा टनामागे सहा डॉलरांच्या आसपास खर्च येई. मॅक्लीनच्या पेट्यांना तो १६ सेंटांच्या आसपास आला. मुंबईच्या गोदीत पाठीवर पोती वाहणाऱ्या कामगाराचे काय होणार, ते त्याच दिवशी ठरले म्हणायचे. २६ मे १९८९ला समोरच्या किनाऱ्यावर न्हावा शेवा बंदर सुरू झाले, तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब झाले.

या मॅक्लीनची पुढची कथा पर्यावरणाच्या चर्चेत कुणी सांगत नाही, पण मला ती सगळ्यात बोलकी वाटते. १९६९ साली त्याने आपली सी-लँड कंपनी एका तंबाखू कंपनीला विकली. त्यानंतर सी-लँडने ३३ नॉट वेगाने धावणारी जहाजे बांधली. त्या काळी इतक्या वेगाचे मालवाहू जहाज दुसरे नव्हते. ती पाण्यात उतरली आणि १९७३चे तेलसंकट आले. ती इतके तेल पीत की शेवटी अमेरिकन नौदलाला विकून टाकावी लागली. मॅक्लीनने यातून धडा घेतला. १९७८ला त्याने युनायटेड स्टेट्स लाइन्स ही दुसरी कंपनी घेतली आणि कोरियात १२ अवाढव्य, पण संथ जहाजे बांधायला टाकली. वेग फक्त १८ नॉट, तेल कमी, माल जास्त. ही जहाजे १९८४-८५ला आली आणि नेमके तेव्हाच तेलाचे भाव कोसळले. बाकीच्या कंपन्या स्वस्त तेल जाळून वेगाने पुढे निघून गेल्या. १९८६ला मॅक्लीनची कंपनी दिवाळखोरीत गेली.

म्हणजे कमी इंधन जाळणारे जहाज ही कल्पना आजची नाही, ४० वर्षांपूर्वीची आहे. ते जहाज समुद्रात राहील की नाही, हे तेलाचा भाव ठरवत होता. आजही बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

यंदा नववीच्या वर्गात पर्यावरणाचा धडा चालू होता. कोणता देश किती कार्बन सोडतो याचा तक्ता मी फळ्यावर काढला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, जहाजाचा धूर कुणाच्या नावावर?" त्याचा बाप जहाजावर फिटर आहे. मला उत्तर माहीत होते, पण ते सांगताना लाज वाटली. उत्तर आहे: कुणाच्याच नाही. मालक डेन्मार्कचा किंवा स्वित्झर्लंडचा, झेंडा लायबेरियाचा किंवा पनामाचा, खलाशी फिलिपिन्सचे आणि हिंदुस्तानचे, माल चीनचा, गिऱ्हाईक अमेरिकेचे. १९९७ला क्योटोमध्ये हवामानाचा करार झाला, तेव्हा हा धूर कोणत्याही देशाच्या खात्यात धरला गेला नाही. तो लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे, म्हणजे आयएमओकडे, सोपवला. आयएमओने जहाजांची कार्यक्षमता वाढवण्याचे नियम केले, पण एकूण धूर किती कमी करायचा याचे पहिले लक्ष्य ठरवायला २०१८ साल उजाडले. या सगळ्या काळात जहाज वाहतुकीचा वाटा जगाच्या एकूण हरितगृह वायूंत ३ टक्क्यांच्या आसपास राहिला. एखाद्या मोठ्या औद्योगिक देशाइतका हा धूर आहे.

मुआहिदा नव्हता, त्या मोकळ्या जागेत वादे उगवले.

२००८च्या जुलैमध्ये कच्चे तेल बॅरलला १४७ डॉलरांपर्यंत गेले. पाठोपाठ मंदी आली. जहाजे जास्त आणि माल कमी, अशी अवस्था झाली. तेव्हा मेर्स्कने जहाजांचा वेग उतरवायला सुरुवात केली. २४-२५ नॉटने धावणारी जहाजे २०वर, मग १८वर आली, काही तर त्याहून खाली. याला 'स्लो स्टीमिंग' म्हणतात. यातले गणित सोपे आहे. वेग १० टक्क्यांनी उतरवला की इंजिनाला लागणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी उतरते. प्रवास लांबतो, तरीही तेवढ्याच अंतराला सुमारे १९ टक्के इंधन कमी लागते. शिवाय फेरी लांबली की त्याच मार्गावर जास्त जहाजे लागतात, म्हणून रिकामी उभी असलेली जहाजेही कामाला लागली. पैसा वाचला, जहाजे वापरात आली आणि धूर कमी झाला. कंपनीच्या अहवालात धूर पहिल्या पानावर गेला.

यात खोटे काही नव्हते. २००७च्या तुलनेत कंटेनरमागे २५ टक्के कपात २०२०पर्यंत करू, असे मेर्स्कने सांगितले होते आणि ते मुदतीच्या बरेच आधी करून दाखवले. २०११ला कोरियात मागवलेल्या १८ हजार कंटेनरांच्या 'ट्रिपल-ई' जहाजांनी यात आणखी भर घातली. पण 'कंटेनरमागे' या शब्दावर जरा थांबले पाहिजे. एका ताटामागे तेल कमी लागले, पण ताटे दुप्पट झाली तर घरात तेलाचा डबा जास्तच येणार. कंपन्यांचे वादे अनेक वर्षे ताटाचे होते, डब्याचे नव्हते.

डब्याचा वादा मेर्स्कने डिसेंबर २०१८मध्ये केला. २०५०पर्यंत निव्वळ शून्य, आणि त्यासाठी २०३०पर्यंत कार्बनमुक्त जहाजे व्यवहारात आली पाहिजेत. तोपर्यंतची कपात ४६ टक्के आहे, पण ती कार्यक्षमतेची आहे आणि कार्यक्षमतेने शून्य गाठता येत नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. ही कबुली मला प्रामाणिक वाटते. जुने इंजिन कितीही सुधारले तरी ते गाळच जाळणार, हे सांगायला धीर लागतो. जानेवारी २०२२मध्ये त्यांनी वादा दहा वर्षे अलीकडे ओढला आणि २०४० हे साल जाहीर केले.

तो काळही आठवला पाहिजे. कोविडमध्ये कंटेनरांची टंचाई होती, भाडी आभाळाला भिडली होती. २०२२ या एका वर्षात मेर्स्कचा निव्वळ नफा २९ अब्ज डॉलरांच्या वर गेला. खिशात इतका पैसा असताना केलेला वादा आणि भाडी उतरल्यावर पाळायचा वादा, यांत फरक पडणारच. मालवाले मोठे ब्रँडही तेव्हा पुढे आले. ऑक्टोबर २०२१मध्ये अ‍ॅमेझॉन, इकिया, युनिलिव्हर यांच्यासह नऊ कंपन्यांनी सांगितले की २०४०पर्यंत आमचा माल फक्त शून्य कार्बन इंधनावरच्या जहाजांतून जाईल.

जास्त पैसे देऊन 'हिरवी वाहतूक' विकत घेण्याची सोयही जहाज कंपन्यांनी २०१९पासून सुरू केली होती. ती कशी चालते हे समजायला गावचा दूध संघ आठवावा. तुम्ही गीर गाईच्या दुधाचे पैसे दिलेत, पण टाकीत सगळे दूध एकत्र झाले. तुमच्या पिशवीत नेमके कोणत्या गाईचे दूध आले हे कुणी सांगू शकत नाही. इतकेच की संघाने तेवढे गीर गाईचे दूध कुठेतरी विकत घेतल्याची पावती आहे. तसेच हिरव्या इंधनाचे. तुमचा टी-शर्ट गाळ जाळणाऱ्या जहाजातून आलेला असू शकतो, हिरवे इंधन दुसऱ्याच जहाजात जळलेले असते. हिशेब चोख ठेवला तर यात फसवणूक नाही. पण सारी मदार हिशेब ठेवणाऱ्यावर आहे.

ऑगस्ट २०२१मध्ये मेर्स्कने १६ हजार कंटेनरांची आठ मिथेनॉल जहाजे कोरियाच्या ह्युंदाईकडे मागवली. त्यांतले पहिले, 'अ‍ॅने मेर्स्क', २०२४च्या सुरुवातीला आले. जहाजे आली, खरी अडचण इंधनाची झाली. मिथेनॉल नवे नाही, रसायनांच्या कारखान्यांत ते पूर्वीपासून बनते, पण बहुतेक नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून. ते जाळून उपयोग शून्य. हिरवे मिथेनॉल म्हणजे शेणखताच्या किंवा कचऱ्याच्या वायूपासून केलेले, किंवा पवन-सौर विजेने पाणी फोडून मिळवलेल्या हायड्रोजनपासून केलेले. ते महाग असते आणि मिळते थोडे. त्यात भर म्हणजे तेवढ्याच ऊर्जेसाठी बंकरच्या दुपटीहून मोठी टाकी लागते. मे २०२५मध्ये डेन्मार्कच्या कासो गावात असा मोठा कारखाना सुरू झाला, त्याची क्षमता वर्षाला ४२ हजार टन. आणि त्याआधी, ऑगस्ट २०२४मध्ये, ओर्स्टेड या डॅनिश कंपनीने स्वीडनमधला ५० हजार टनांचा 'फ्लॅगशिपवन' प्रकल्प अर्ध्यावर सोडला होता. इतक्या महाग इंधनासाठी दीर्घ मुदतीचे करार करायला पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही.

त्याच महिन्यात मेर्स्कनेही दिशा बदलली. नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी, हा मधला टप्पा म्हणूनही नको, असे ही कंपनी अनेक वर्षे सांगत होती. तिचा मुद्दा बरोबर होता. एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. इंजिनातून न जळता निसटलेला मिथेन २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरतो. फ्रान्सच्या सीएमए सीजीएमने २०२०मध्येच २३ हजार कंटेनरांचे 'जॅक सादे' हे एलएनजीवरचे जहाज उतरवले, तेव्हा मेर्स्क दूर राहिली होती. २०२४च्या ऑगस्टमध्ये मात्र तिने एलएनजीवरही चालणाऱ्या जहाजांची योजना जाहीर केली आणि डिसेंबरात २० जहाजांची मागणी नोंदवली. पुढे त्यांत जैविक मिथेन भरू, असे सांगितले गेले. भरतीलही. पण मॅक्लीनच्या संथ जहाजांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. प्रतिस्पर्धी स्वस्त इंधन जाळत असताना एकट्याने महाग वाट धरायची, ही त्याचीच चूक होती.

मुआहिदा झाला की काय होते, याचे एक उदाहरण आहे. १ जानेवारी २०२०पासून आयएमओच्या नियमाने जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. जगभरच्या जहाजांना एकाच दिवशी हा नियम लागू झाला आणि मोठ्या प्रमाणात पाळला गेला. पळवाटही निघाली. काहींनी धुराड्यात स्क्रबर नावाचे यंत्र बसवले. ते समुद्राच्या पाण्याने धूर धुते आणि अनेक जहाजांत ते पाणी परत समुद्रात सोडते. आभाळातली घाण दर्यात गेली. तरी सर्वांना सारखा नियम लावता येतो, एवढे सिद्ध झाले.

आता या वाद्यांच्या यादीत काय नव्हते, ते पाहू. ७ ऑगस्ट २०१०च्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी न्हावा शेवाहून निघालेले 'एमएससी चित्रा' आणि आत येणारे 'खलिजिया ३' यांची टक्कर झाली. 'चित्रा'वर १,२००हून अधिक कंटेनर होते. ते कलंडले आणि सुमारे ३०० कंटेनर पाण्यात पडले. काहींत कीटकनाशके होती. सुमारे ८०० टन तेल सांडले. कंटेनर तरंगत असल्यामुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यांवर आणि खारफुटीत तेलाचा काळा थर बसला.

रमजान तोंडावर होता. नारळी पौर्णिमेनंतर कोळ्यांच्या होड्या नुकत्याच बाहेर पडणार होत्या. मासे खाऊ नका, अशी सूचना निघाली आणि बाजारात मासळीला कुणी हात लावेना. त्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कोळणीने पाटी रिकामी करून बाजारातच बसकण मारली होती. "दर्या आमचा, घाण कोनाची?" असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती. १५ वर्षांनी माझ्या वर्गातल्या मुलाने विचारला तो प्रश्न हाच, फक्त धुराचा.

हे एकदाच झाले असते तर अपघात म्हणून सोडले असते. २०२१मध्ये कोलंबोसमोर 'एक्स-प्रेस पर्ल' जळाले. त्यावरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होते. तो उतरवून घ्या, असे कतारच्या हमाद आणि आपल्या हजिरा बंदराला विचारून झाले होते, दोन्हीकडून नकार आला होता. टनावारी प्लास्टिकचे बारीक दाणे श्रीलंकेच्या वाळूत मिसळले. २५ मे २०२५ला कोचीसमोर 'एमएससी एल्सा ३' बुडाले. १९९७ला बांधलेले जुने जहाज, झेंडा लायबेरियाचा, ६४० कंटेनर, त्यांपैकी १३ धोकादायक मालाचे. २४ खलाशी वाचले, ही अल्लाहची मेहेरबानी. पुन्हा तेच प्लास्टिकचे दाणे केरळच्या किनाऱ्यांवर आले. केरळ सरकारने ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला आणि उच्च न्यायालयाने त्याच कंपनीचे दुसरे जहाज अडकवून ठेवण्याचा आदेश दिला. या कंपनीनेही २०५०पर्यंत निव्वळ शून्याचा वादा केलेला आहे. त्या वाद्यात २८ वर्षे जुने जहाज कधी निवृत्त करायचे हे लिहिलेले नसते, आणि कोळ्याच्या बुडालेल्या हंगामाला तर त्यात जागाच नसते.

जहाज निवृत्त होते तेव्हा जाते कुठे? बहुतेक वेळा आपल्याकडेच. गुजरातच्या अलंगला १९८३पासून जहाजे मोठ्या भरतीत किनाऱ्यावर चढवतात आणि ओहोटीत तोडतात. चितगावजवळ सीताकुंडला तेच. आपली जहाजे जबाबदारीनेच मोडू, असे सांगणाऱ्या मेर्स्कने २०१६मध्ये अलंगला जहाजे पाठवायचे ठरवले, तेव्हा युरोपात गदारोळ झाला. मला हा प्रश्न एकतर्फी वाटत नाही. अलंगच्या काही यार्डांनी फरशा घातल्या, क्रेन आणल्या, हाँगकाँग कराराप्रमाणे तपासणी करून घेतली. ओडिशा-बिहारहून आलेल्या मजुराचे पोट त्यावर आहे. गिऱ्हाईकाने अटी घातल्या म्हणून यार्ड सुधारले, हेही खरे. पण ज्या हाँगकाँग कराराच्या नावाने ही तपासणी झाली, तो २००९ला मंजूर होऊन २६ जून २०२५ला अमलात आला. १६ वर्षे त्या मुआहिद्याची फक्त प्रत फिरत होती. मधल्या काळात कितीतरी मालकांनी शेवटच्या सफरीआधी जहाज दलालाला विकले, झेंडा बदलला आणि हात झटकले.

शेवटी लंडनकडे यावे लागते. २०२३च्या जुलैमध्ये आयएमओने २०५०च्या आसपास निव्वळ शून्य हे लक्ष्य ठरवले. एप्रिल २०२५मध्ये त्यासाठीच्या नियमांचा आराखडा ६३ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाला. ५,००० टनांवरच्या जहाजांनी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडला तर टनामागे १०० ते ३८० डॉलर भरायचे, असा तो होता. भारताने बाजूने मत दिले. कंटेनर कंपन्यांची वर्ल्ड शिपिंग कौन्सिल ही संघटनाही बाजूने होती, आणि ते स्वाभाविक आहे. ज्याने महाग जहाज बांधले त्याला सर्वांवर सारखा कर हवाच असतो. ऑक्टोबरात शेवटचा शिक्का बसायचा होता. त्याआधी अमेरिकेने बाजूने मत देणाऱ्या देशांना व्हिसा, बंदर शुल्क आणि आयात कराची धमकी दिली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी निर्णय वर्षभर पुढे ढकलण्याचा ठराव ५७ विरुद्ध ४९ मतांनी मंजूर झाला. तो ठराव मांडला होता सौदी अरेबियाने.

हे लिहिणे मला भाग आहे. अमेरिकेवर बोट ठेवणे आपल्याला सोपे जाते. पण दोन्ही हरमचे खादिम म्हणवणारे राज्यकर्ते तेल विकून जगतात, आणि त्या दिवशी त्यांनी तेलाच्या बाजूने मत मागितले. बांगलादेशचा किनारा, मालदीवची बेटे, आपल्या कोकणातल्या खाडीकाठच्या मुसलमान वस्त्या पाण्याखाली जाण्याचा प्रश्न उम्मतचा नाही, असे कुणाला वाटत असेल तर त्याने तसे स्पष्ट सांगावे.

आता पुन्हा इंजिनखान्यात उतरू. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये डीएनव्ही या संस्थेने केलेल्या अभ्यासानुसार नव्या इंधनांसाठी पुढच्या दशकाच्या मध्यापर्यंत ८ लाख खलाशांना वेगळे प्रशिक्षण द्यावे लागू शकते. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही आणि ते पोटात किंवा अंगावर गेले तर विषारी. अमोनियाचेही घाटते आहे, तो तर श्वासातून मारतो. कंपन्यांच्या जाहीरनाम्यांत २०४० आणि २०५० ही सालं ठळक अक्षरांत असतात. त्या इंजिनाशेजारी उभा राहणारा आगवाला, आता त्याला फिटर म्हणतात, कुठेतरी आतल्या पानावर असतो.

तो मागच्या बाकावरचा मुलगा दहावीनंतर सीडीसी काढून जहाजावर जायचे म्हणतो. आईचा विरोध आहे, बाप काही बोलत नाही. २०४० साली त्याचे वय तीस असेल.